ती व्यक्ती

काही वर्षांपूर्वी एका परवाना मंडळाची नियमावली मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. मूळ इंग्रजीत जवळजवळ प्रत्येक कलमात ‘पर्सन’ आणि मागोमाग ‘ही’. मी ‘व्यक्ती’ लिहिले आणि मराठी व्याकरणाने पुढे आपोआप ‘ती’ आणले : तिने अर्ज करावा, तिने शुल्क भरावे. मसुदा तपासणाऱ्या गृहस्थांनी विचारले, “हे नियम फक्त बायकांसाठी आहेत का?” हिंदीत ‘व्यक्ति’ पुल्लिंगी, मराठीत स्त्रीलिंगी, एवढेच मी सांगितले. शेवटी ‘अर्जदार’ घालून आम्ही तोडगा काढला. तेव्हा मला हसू आले होते. पण याच प्रश्नावर आपल्याकडे वकिलीचे दार बायकांना बरीच वर्षे बंद होते, हे पुढे वाचनात आले.

वकिलीच्या परवान्याला मराठीत आजही ‘सनद’ म्हणतात. एकेकाळी सनद वतनाची असे, इनामाची असे. ती राज्यकर्त्याने द्यायची आणि धन्याने जपून ठेवायची. कंपनी सरकारने १७९३ मध्ये दिवाणी न्यायालयांतल्या वकिलांसाठी नियम केले, तेव्हा सनद फक्त हिंदू आणि मुसलमानांना मिळत असे. १८४६ च्या कायद्याने ही अट गेली. कोणत्याही राष्ट्राच्या वा धर्माच्या सर्व व्यक्तींना वकिली खुली झाली. मग १८७९ चा कायदा आला. परीक्षा कोणती, पात्रता काय, नोंदणी कोणाची, हे ठरवण्याचे अधिकार त्याने उच्च न्यायालयांना दिले. आज राज्य बार कौन्सिल जे काम करते, त्याचा मोठा भाग तेव्हा न्यायाधीशच करीत.

‘सर्व व्यक्ती’ म्हणजे कोण, हा प्रश्न उभा राहायला फार काळ लागला नाही. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म नाशिकचा, १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परत आल्यावर १८९६ मध्ये पुण्यात त्यांनी एका खुनाच्या खटल्यात आरोपीचा बचाव केला, पण तो न्यायालयाच्या परवानगीने. परवानगी एका खटल्यापुरती असते, सनद आयुष्यभराची. पुढच्या वर्षी मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्‌. बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा, या पायऱ्याही त्यांनी चढून पाहिल्या. सनद मिळाली नाही.

१९१६ मध्ये हा प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांपुढे आला. रेजिना गुहा एम. ए., बी. एल. होत्या. अलीपूरच्या जिल्हा न्यायालयात वकील म्हणून नोंदणी व्हावी, एवढाच त्यांचा अर्ज होता. त्यांची बाजू व्याकरणाची होती. कायद्यांचा अर्थ कसा लावायचा, हे सांगणारा वेगळा कायदा तेव्हाही होता. पुल्लिंगी शब्दात स्त्रियांचाही समावेश होतो, संदर्भ त्याच्या विरुद्ध नसेल तर, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. न्यायालयाने बोट ठेवले ते ‘संदर्भ’ या शब्दावर. १७९३ पासूनचे सगळे नियम चाळून निष्कर्ष निघाला की कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर स्त्री कधीच नव्हती. म्हणजे आजवर बाई वकील नव्हती म्हणून ती कायद्याच्या मनात नव्हती, आणि कायद्याच्या मनात नव्हती म्हणून ती वकील होऊ शकत नव्हती. अर्ज फेटाळला गेला. १९१९ मध्ये रेजिना गुहा वारल्या.

१९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांनी पाटणा उच्च न्यायालयाकडे अर्ज केला. तिथे कलकत्त्याचा निर्णय प्रमाण मानला गेला आणि त्यांनाही नकार मिळाला. त्याच वर्षी अलाहाबादच्या न्यायाधीशांनी मात्र कॉर्नेलिया सोराबजींची नोंदणी केली. देश एक, कायदा एक, त्यातला शब्दही एक. पाटण्याला त्याचा अर्थ पुरुष आणि अलाहाबादला माणूस. तोवर सोराबजींनी पंचावन्नाव्या वर्षाचा उंबरठा गाठला होता.

हा घोळ निस्तरायला नवा कायदाच लागला. नागपुरात वकिली गाजवलेले हरिसिंग गौर यांनी केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला आणि १९२३ मध्ये कायदा झाला : केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कोणालाही वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा यांनी परतल्यावर मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९२३ च्या कायद्याने नवे असे काही दिलेले नाही, असे मला वाटते. १८४६ च्या ‘सर्व व्यक्तीं’मध्ये जे आधीच होते, ते त्याने पुन्हा, कोणालाही वेगळे वाचता येणार नाही अशा शब्दांत लिहून दिले.

सनद देणारे हात पुढे बदलले. १९६१ च्या वकील अधिनियमाने नोंदणी राज्य बार कौन्सिलांकडे आली. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच आहे. वाचनाचा प्रश्न मात्र संपला नाही. त्या अधिनियमात नोंदणीशुल्काचा आकडा दिलेला आहे : सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५. तरीही निरनिराळ्या नावांखाली रकमा जोडत अनेक राज्यांत हा खर्च दहा हजारांच्या वर गेला होता. कायद्यात लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितले. आडगावातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कायदा शिकलेल्या मुलीसाठी ७५० आणि पंधरा हजार यांत जे अंतर आहे, ते १९१६ च्या ‘संदर्भा’हून फार वेगळे नाही. दार कायद्यात उघडे असते. उंबरठ्यावर बसलेला माणूस ते कसे वाचतो, यावर आत जाणे ठरते.

अनुवाद करताना एक सवय लागते. मुळात जे लिहिले आहे ते आधी नीट वाचायचे. लिहिणाऱ्याच्या मनात काय असेल याचे तर्क नंतर. त्या नियमावलीत ‘व्यक्ती’च्या जागी ‘अर्जदार’ लिहिल्याची रुखरुख अजून आहे. पुन्हा तसे काम आले, तर ‘ती व्यक्ती’ तशीच ठेवीन. वाचणाऱ्याला क्षणभर अडखळू दे.