गाठीचा माग

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून नागपूरला निघालेली गाडी आधी वैनगंगेचा पूल ओलांडते. मग ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड. स्तनात गाठ लागलेली बाई याच रस्त्याने जाते, आणि बहुधा उशिरा जाते. उशिराचं कारण विचारलं तर झाडीपट्टीत एक ठरलेलं उत्तर मिळतं: "दुखत नाही, मंग कायले दाखवाचं?"

शहरातल्या स्तनरोग निदान केंद्रात हीच बाई एका दारातून शिरते आणि चार टप्पे पार करते. डॉक्टर हाताने तपासतात, मॅमोग्राफी होते, सोनोग्राफी होते आणि गरज पडली तर सुईने गाठीचा नमुना घेतात. एका छताखाली असल्यामुळे या चौघी सख्ख्या बहिणी वाटतात. पण त्या चार वेगळ्या घरच्या आहेत, वेगवेगळ्या काळी या घरात आल्या आहेत. त्यांचा माग काढला की त्यांतली कोणती वडशापर्यंत पोचली आणि कोणती वाटेत राहिली, हेही कळतं.

सगळ्यांत थोरला हात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दहाव्या अध्यायात स्तनरोग येतात आणि पुढच्याच अध्यायात ग्रंथी आणि अर्बुद. इजिप्तमध्ये सुमारे 3600 वर्षांपूर्वीच्या एका पपायरसवर स्तनावरच्या फुगवट्याला हात लावून पाहण्याची रीत लिहिलेली आहे, आणि पुढे स्पष्ट शेरा आहे की यावर उपचार नाही. गाठ चाचपता येत होती, पण आत काय आहे ते दिसत नव्हतं.

ते दिसण्याची सोय 1895 च्या नोव्हेंबरात झाली. जर्मनीत रंटगेनला क्ष-किरण सापडले. पुढे 1913 मध्ये बर्लिनचा शल्यविशारद आल्बर्ट सालोमन याने शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरण चित्रं घेतली. मॅमोग्राफीचा हा पहिला संग्रह देहापासून सुटलेल्या अवयवांचा होता. काही चित्रांत बारीक ठिपके दिसत होते. ते कॅल्शियमचे कण आहेत आणि कर्करोगाचा सुगावा देतात, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. सालोमन ज्यू होता. नाझी राजवटीत त्याला छळछावणीत डांबलं गेलं. तो वाचला, पण त्याची चित्रकार मुलगी शार्लोट 1943 मध्ये आउश्वित्झला मारली गेली.

जिवंत बाईच्या स्तनाचं चित्र घेण्याची पद्धत अमेरिकेत स्टॅफर्ड वॉरनने 1930 मध्ये मांडली. चित्रं धूसर यायची. मग 1949 च्या सुमारास उरुग्वेच्या राउल लेबोर्न्यने स्तन दाबून पातळ करायची युक्ती काढली आणि त्या बारीक ठिपक्यांचा अर्थही लावला. आज मॅमोग्राफीच्या पट्टीखाली बाया कळवळतात, तो दाब माँटेव्हिडिओहून आलेला आहे. दाबल्याने आतले थर पसरतात, चित्र स्वच्छ येतं आणि किरणही कमी लागतात. ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगनने 1960 मध्ये हजार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा ही पद्धत इतरांनाही शिकता येईल अशी झाली. खास स्तनासाठीचं यंत्र मात्र फ्रान्समध्ये, शार्ल ग्रो याच्या पुढाकाराने, साठच्या दशकाच्या मध्यात तयार झालं. तोवर छाती-हाडांच्या एक्स-रे मशिनवरच काम भागत होतं.

सोनोग्राफीचं घराणं वेगळं. अमेरिकेतल्या मिनेसोटात जॉन वाइल्ड आणि जॉन रीड यांनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी ध्वनिलहरींनी स्तनातल्या गाठी पाहायला सुरुवात केली. तरुण बाईचा स्तन दाट असतो. मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. पहाटेच्या धुक्यात धानाच्या बांधीतला बगळा शोधावा, तशी गत होते. ध्वनी तिथे कामी येतो. गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, हे तो सांगतो.

शेवटचा शब्द सुईचा. गाठीतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन पाहिल्याशिवाय कर्करोग आहे की नाही, हे ठरत नाही. या विद्येला भारतात पाया मिळाला तो मुंबईत. 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं आणि तिथली प्रयोगशाळा वसंत रामजी खानोलकरांनी उभारली. क्ष-किरण सापडले त्याच वर्षी, 1895 मध्ये, जन्मलेला हा मराठी माणूस भारतातल्या विकृतिशास्त्राचा जनक मानला जातो. सुई टोचली की गाठ पसरते, ही गावोगावची भीती मात्र अजून गेलेली नाही. तिला आधार नाही.

या चौघींची मोट बांधून तयार झालं ते आजचं केंद्र. पण कोणती तपासणी किती जीव वाचवते, हा प्रश्न वेगळा होता. न्यूयॉर्कमध्ये 1963 मध्ये सुमारे 62 हजार बायांवर पहिली मोठी चाचणी सुरू झाली. मॅमोग्राफीने मृत्यू घटतात हा विश्वास तिच्यातून जगभर गेला. त्या चाचणीत मॅमोग्राफीच्या जोडीला दरवर्षी हाताने तपासणीही होत होती, ही गोष्ट पुढे लोक विसरले.

ती आठवण महाराष्ट्राने करून दिली. टाटा मेमोरियलने 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांत 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक बायांवर चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी स्तन हाताने तपासले, आणि तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तपासलेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडत होता. सर्व वयोगट मिळून मृत्यूंतली 15 टक्के घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पण पन्नाशी व त्यापुढच्या बायांमध्ये ती जवळपास 30 टक्के होती.

आपल्या जिल्ह्यालाही बायांच्या तपासणीचा स्वतःचा इतिहास आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायांची तपासणी केली; 92 टक्के बायांना स्त्रीरोग आढळले आणि याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. तो अभ्यास 1989 मध्ये लॅन्सेटने छापला. स्तनाचा तो अभ्यास नव्हता. पण बाई दुखणं अंगावर काढते आणि कुणी विचारलं तर सांगते, हे त्याने पुराव्यानिशी दाखवलं.

आज विचारायला माणूस आहे. केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईचे स्तन पाच वर्षांतून एकदा आरोग्यसेविकेने तपासायचे असतात. घरोघर जाऊन फॉर्म भरते ती आशाताई. म्हणजे चौघींतला थोरला हात वडशाच्या खेड्यांपर्यंत येऊन पोचला आहे. पुढच्या तिघींचं तसं नाही. कर्करोगाची मोठी रुग्णालयं नागपुरात. चंद्रपुरात टाटा ट्रस्ट, राज्य शासन आणि जिल्हा खनिज निधीतून एक उभं राहिलं आहे. कितीतरी दशकं जिल्ह्याचं एकमेव रेल्वेस्थानक असलेलं वडसाही या कामापुरतं प्रवासाचा आरंभ ठरतं, मुक्काम ठरत नाही. हाताला लागलेली गाठ सुईपर्यंत पोचायला धानाची कापणी, घरची गुरं, सोबतीला येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं, एवढं सगळं आडवं येतं.

म्हणून तपासणीच्या शिबिरांची मोजदाद करताना एक आकडा जरूर मागावा: गाठ सापडलेल्या किती बायांची सुईची तपासणी झाली आणि किती दिवसांत झाली. आणि ज्या घरात दिवाळीनंतर गावच्या मंडई-जत्रेतलं नाटक पाहायला रातभर जागण्याचा बेत ठरतो, त्या घरात एक दुपार उपकेंद्रासाठीही ठरावी. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. दाखवायचं ते म्हणूनच.