‘बाळमित्र’ ते ‘खारीच्या वाटा’: पुरस्कारप्राप्त बालपुस्तकांचा इतिहास, बुलढाण्याच्या खिडकीतून

१/ मराठीतील अगदी आरंभीच्या छापील बालपुस्तकांत ‘बाळमित्र’ची गणना होते. ते १८२८ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. ज्या फ्रेंच पुस्तकावरून ते उतरले, त्याला १७८४ साली फ्रेंच अकादमीचे पारितोषिक मिळाले होते. याचा अर्थ असा की, मराठी मुलांच्या हाती पुरस्कारप्राप्त पुस्तक फार पूर्वीच आले. हा धागा त्या पारितोषिकांचा आहे: ती कोणत्या कसोटीवर दिली गेली, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील वाचकापर्यंत काय पोहोचले?

२/ मूळ लेखक आर्नो बेर्कें. ‘मुलांचा मित्र’ अशा अर्थाच्या नावाने त्याने १७८२-८३ मध्ये छोट्या कथा, संवाद आणि घरात करता येतील अशा नाटुकल्यांची मालिका लिहिली. राक्षस आणि पऱ्या बाजूला ठेवून त्याने घरातील नेहमीचे प्रसंग घेतले. १७८४ चे पारितोषिक ‘समाजाला सर्वाधिक उपयुक्त’ ग्रंथासाठी होते. आदल्या वर्षी तेच पारितोषिक मादाम देपिने यांच्या आई-मुलीच्या संवादांच्या पुस्तकाला मिळाले होते. लागोपाठ दोन वर्षे मुलांसाठीची पुस्तके निवडली गेली आणि दोन्ही वेळा कसोटी होती उपयुक्ततेची.

३/ बेर्कें इंग्रजीत गेला आणि इंग्रजीवरून त्याला मराठीत आणले सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी. एल्फिन्स्टनच्या काळात शालेय पुस्तके तयार करण्यासाठी मुंबईत जी संस्था स्थापन झाली, तिचे ते ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ होते. त्यांची ‘इसपनीतिकथा’ही १८२८ चीच. त्याआधी, शतकाच्या पहिल्या दशकात, तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यातून ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या होत्या. मराठी बालसाहित्याचा पाया असा भाषांतरावर आणि बोधावर रचला गेला.

४/ त्या वेळी बुलढाणा कुठे होता? आजचा हा जिल्हा तेव्हा वऱ्हाडचा भाग होता आणि वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला. म्हणजे मुंबई-पुण्याच्या शाळांत ‘बाळमित्र’ वाचला जाऊ लागला, तेव्हा मेहकर, चिखली किंवा मलकापूरचे मूल त्या शालेय व्यवस्थेच्या बाहेर होते. पुस्तक उत्तम असणे आणि ते वाचकाला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या भूगोलावरून ध्यानात येते.

५/ याच बुलढाण्यात ताराबाई शिंदे वाढल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते. गावात मुलींची शाळा नव्हती. वडिलांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. १८८२ साली ताराबाईंचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापले गेले. ते बालपुस्तक नव्हे. तरीही या धाग्यात त्याला जागा आहे, कारण त्यात त्यांनी पोथ्या-पुराणांतील आणि त्या काळच्या कथा-नाटकांतील स्त्रीचित्रणाची कठोर झडती घेतली. जाणत्यांनी वाखाणलेली पुस्तके वाचून त्यांनाच जाब विचारणारी ही वाचक बुलढाण्याची होती.

६/ त्याच सुमारास, १८८१ मध्ये, विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक सुरू केले. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ आले. एका नावात बोध आहे, दुसऱ्यात आनंद. पंचवीस वर्षांत मुलांकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागल्याची खूण या दोन शब्दांत दिसते. शिवाय मासिक टपालाने गावोगावी जाऊ शकत होते; त्यासाठी गावात पुस्तकांचे दुकान असण्याची गरज नव्हती.

७/ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या या पुस्तकाच्या नावाशी जोडला जाणारा सर्वांत मोठा सन्मान मात्र चित्रपटाचा आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ साली, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पुस्तकाला वाचकांनीच मोठे केले.

८/ साहित्य अकादमीचे पुरस्कार १९५५ पासून दिले जाऊ लागले. बुलढाणा जिल्ह्याला ते दोनदा लाभले: १९८६ मध्ये मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांना ‘खूणगाठी’साठी आणि २००४ मध्ये सदानंद देशमुख यांना ‘बारोमास’ या कादंबरीसाठी. दोन्ही पुस्तके प्रौढ वाचकांची. अकादमीचा स्वतंत्र बालसाहित्य पुरस्कार सुरू झाला तो २०१० मध्ये. मोठ्यांच्या आणि मुलांच्या पुरस्कारांत ५५ वर्षांचे अंतर पडले.

९/ या अंतराची किंमत नावांत मोजता येते. ‘गोट्या’चे ना. धों. ताम्हनकर १९६१ मध्ये गेले. ‘फास्टर फेणे’चे भा. रा. भागवत १९१० मध्ये जन्मले आणि २००१ मध्ये गेले. ज्यांच्या पुस्तकांवर मराठी मुले वाढली, त्यांच्या हयातीत हा पुरस्कारच नव्हता. महाराष्ट्र शासनाने पुढे बालवाङ्मयाच्या पुरस्कारांना साने गुरुजी, भागवत आणि ताम्हनकर यांची नावे दिली. पुरस्कार मिळण्याऐवजी ते स्वतःच पुरस्कारांची नावे झाले.

१०/ आता वाचण्याजोग्या पुस्तकांकडे वळू. अकादमीचा पहिला मराठी बालसाहित्य पुरस्कार अनिल अवचट यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला मिळाला, २०११ चा दिलीप प्रभावळकर यांच्या ‘बोक्या सातबंडे’ला. बोक्या खोड्या करतो, अडचणीत सापडतो आणि अडलेल्याच्या मदतीलाही धावतो. बेर्केंच्या परीक्षकांनी या मुलाला ‘उपयुक्त’ म्हटले असते का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

११/ २०१७ चा पुरस्कार ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला मिळाला. धरणाच्या पाण्याखाली जाणारे गाव त्यात एका मुलाच्या नजरेतून दिसते. बुलढाण्याच्या वाचकाला ही गोष्ट दूरची वाटणार नाही. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्प आहे आणि त्यासाठी पूर्णाकाठच्या अनेक गावांना आपली जागा सोडावी लागत आहे. घर, झाडे, शाळेची वाट मागे टाकणाऱ्या मुलाला सरकारी कागदांत स्वतःचे मन सापडत नाही. ते या पुस्तकात सापडू शकते.

१२/ २०१९ मध्ये वनविभागात काम करणारे सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला आणि २०२२ मध्ये संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला पुरस्कार मिळाला. शीर्षकेच पाहा: जंगल आणि एका मुलीची वही. ज्ञानगंगा अभयारण्य ज्यांच्या जिल्ह्यात आहे, त्या मुलांनी पहिले पुस्तक अवश्य मिळवावे.

१३/ २०१४ चा पुरस्कार माधुरी पुरंदरे यांना आणि २०१८ चा रत्नाकर मतकरी यांना एकूण योगदानासाठी मिळाला. गौरव रास्तच होता. मात्र यादी पाहून पुस्तक शोधणाऱ्या वाचकाला नेमके काय वाचावे हे त्यातून कळत नाही. म्हणून सांगतो: पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’, मतकरींची ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही नाटके. पुरंदरे उत्तम फ्रेंच जाणतात आणि त्या भाषेतून त्यांनी अनुवादही केले आहेत. १८२८ साली इंग्रजीच्या आडवाटेने आलेले फ्रेंच-मराठी नाते येथे थेट जुळते. ‘राधाचं घर’मध्येही बेर्केंप्रमाणे घरातलीच माणसे आहेत, पण त्यांच्याविषयी बोलते ती राधा, आपल्या शब्दांत.

१४/ या प्रवासात कसोटी बदललेली दिसते. १७८४ मध्ये मोठ्यांनी विचारले, ‘या पुस्तकाने मूल सुधारेल का?’ अलीकडच्या निवडींत ‘या पुस्तकात मूल आहे का?’ हा प्रश्नही डोकावतो. एक गोष्ट मात्र फारशी बदललेली नाही: निवड मोठेच करतात. शिवाय पुरस्कार जाहीर झाल्याने पुस्तक तालुक्याच्या शाळेतील कपाटात आपोआप जात नाही. ते कोणीतरी मागवावे लागते आणि मागवल्यावर कपाटाचे कुलूप उघडावे लागते.

१५/ तोवर हाताशी असलेला एक मार्ग: ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये सुरू झाले. त्याचे जुने अंक ‘बालभारती’ने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध केले आहेत. मराठीतील कितीतरी नामवंत लेखकांचे आणि चित्रकारांचे काम त्यांत आहे, आणि ते मोबाइलवर वाचता येते.

१६/ अखेर पुन्हा ताराबाईंकडे. त्यांना शाळा मिळाली नाही, पण घरात पुस्तके आणि शिकवणारे वडील मिळाले. पुढे काय घडले ते आपण जाणतो. पुरस्कारांची यादी हाती घ्या, पण पुस्तक वाचून आपले मत स्वतः ठरवा. आवडले नाही तर का आवडले नाही, हेही लिहा. तुमच्या शाळेच्या कपाटात वरच्यांपैकी कोणती पुस्तके आहेत? पाहून खाली नोंदवा, तालुक्याच्या नावासह.