कॅसेटवर नाव कोणाचं?

ठाण्यात खोपटच्या एसटी स्थानकासमोरून तुम्ही रस्ता ओलांडता आणि पलीकडे पाऊल टेकता तेव्हा तारीख असते २९ जून १९८७. सोमवार. मघाचे मनोरे दिसत नाहीत. त्यांच्या जागी कौलारू चाळी आहेत, पागोळ्या गळताहेत, उघड्या गटारातून पावसाचं पाणी खळाळतंय. खिशातला मोबाइल मुका झालाय. पहिल्या पाळीचे कामगार वागळे इस्टेटमधून कधीच घरी आलेत, आंघोळी आटोपून ओट्यावर टेकलेत. घराघरातून स्टोव्हचा भरभर आवाज आणि रॉकेलचा वास येतोय.

टोकाच्या खोलीत भजनी मंडळ जमतंय. दारात छत्र्या निथळताहेत. तुम्ही आत शिरता तर कोणी काही विचारत नाही, फक्त सरकून जागा देतात. कोकणातून आलेल्या माणसांची ही वस्ती आहे, भजनाला आलेला माणूस इथे परका नसतो.

भजन मात्र अजून सुरू झालेलं नाही. पेटीचा एक सूर बसलाय. पेटीवाल्या काकांनी वरची फळी काढून ठेवली आहे आणि पितळेची पट्टी बोटांत धरून ते ती अगदी हलक्या हाताने खरवडताहेत. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. जरा जास्त घासलं गेलं तर पट्टीच वाया. त्यामुळे काका मान वर करत नाहीत आणि बाकीच्यांना बोलायला मोकळा वेळ मिळालाय.

विषय कालच्या बातमीचा आहे. गजाननबुवा जोशी गेले.

“व्हायोलिन संपलं,” मास्तर म्हणतात. ते निवृत्त शिक्षक आहेत, मांडीवर वर्तमानपत्राची घडी आहे. बुवा डोंबिवलीत राहायचे, त्यामुळे या खोलीला हे दुःख घरचं वाटतंय.

“संपलं कसं, मास्तर? जोगसाहेब आहेत, दातार आहेत, राजमबाई आहेत,” तबल्यापाशी बसलेला पोरगा म्हणतो.

“आहेत रे बाबा, आणि मोठेच आहेत. पण बुवांनी व्हायोलिन कोणा गुरूपाशी बसून घोटलं नव्हतं. ते गाणं शिकले. वडिलांकडून ग्वाल्हेर, विलायत हुसेन खाँसाहेबांकडून आग्रा, भुर्जीखाँकडून जयपूर. मग तेच गाणं त्यांनी गजावर उतरवलं. व्हायोलिन ऐकताना बंदिशीचे शब्द कानात येतात, असं दुसऱ्या कोणाचं होतं ते सांग.”

पोरगा गप्प बसतो, पण हार मानत नाही. वाद आता व्हायोलिनवरून सुटून सगळ्या वाद्यांवर जातो. बासरीत कोण? पन्नालाल घोष, यावर फार ताणाताण होत नाही. आखूड बासरी मैफलीला पुरेना म्हणून त्यांनी लांब, खर्जाची बासरी घडवली. १९६० साली, पन्नाशीही गाठायच्या आत ते गेले आणि तोवर बासरीला ख्यालाच्या मैफलीत जागा मिळाली होती. शहनाईत बिस्मिल्ला खाँ, विषयच संपला. सतारीवर मात्र खोली दुभंगते. रविशंकर की विलायत खाँ? कोपऱ्यातून कोणीतरी हळूच निखिल बॅनर्जींचं नाव घेतं. त्यांना जाऊन दीडच वर्ष झालंय.

तबल्यावर आवाज चढतात. पोरग्याचं एकच म्हणणं, झाकीर. छत्तीस वर्षांचं वय, जगभर कार्यक्रम. मास्तर थिरकवाँचं नाव घेतात. “बालगंधर्वांच्या मागे बसून वर्षानुवर्षं ठेका धरला त्यांनी. ज्या हातात एवढं भांडार होतं, तो हात पदाला लागेल तेवढंच वाजवायचा.”

“मास्तर, मग साथीचंच बोलायचं असेल तर वसंतराव आचरेकर घ्या,” पखवाजवाले आबा म्हणतात. “कुमार गंधर्वांच्या मागे त्यांचा तबला ऐकलात कधी?”

यावर खोली क्षणभर शांत होते. आतापर्यंतच्या यादीत हे नाव कोणाला सुचलंच नव्हतं.

मला या भांडणातली खरी गाठ इथे दिसते, म्हणून तुम्हालाही मी इथेच थांबवतो. मघापासून या मंडळींनी न ठरवता एक माप धरलंय. ज्याने वाद्याला मागच्या रांगेतून पुढे आणलं, तो थोर. शहनाई लग्नाच्या मांडवातून व्यासपीठावर आली, बासरी मैफलीत आली. रामनारायण यांनी गायकामागे सारंगी धरणं सोडलं आणि सारंगीची स्वतंत्र मैफल केली. माप खोटं नाही. पण ज्याने आयुष्यभर मागच्या रांगेतच बसून गाणं उचलून धरलं, त्याच्यासाठी या मापात खूणच नाही.

काकांची पट्टी जागेवर बसते. फळी लावून ते भाता हलवतात, सूर लागतो. आणि पहिल्यांदाच बोलतात.

“पेटीत कोण, ते कोणी विचारलं नाही.”

पेटीवर रेडिओने १९४० साली बंदी घातली. मिंड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हे कारण. पुढे जवळपास तीस वर्षं आकाशवाणीवर पेटीला प्रवेश नव्हता. काकांच्या बोलण्यात हा राग अजून ताजा आहे. ते नावं घेतात ती क्रमाने: भास्करबुवा बखल्यांना साथ करणारे आणि ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे, मग मधुकर पेडणेकर म्हणजे पी. मधुकर, भीमसेनांच्या मागचे अप्पा जळगावकर, मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर. तुटक सुरांच्या या वाद्यातून सलग गाणं काढलं ते यांनी, रेडिओचं दार बंद असताना.

मग ते ट्रंकेवरचा टेपरेकॉर्डर पुढे ओढतात आणि एक कॅसेट लावतात. कुठल्याशा खासगी मैफलीतली आहे, पंख्याची घरघर आणि खोकलेसुद्धा त्यात आलेत. नाट्यपद चाललंय. गायक एक अवघड तान घेऊन समेवर येतो, खोलीतून “वाहवा” निघते. काका टेप थांबवतात.

“काय ऐकलंत?”

“तान,” पोरगा म्हणतो.

काका टेप मागे घेतात. “आता गायकाकडे लक्ष देऊ नकोस. मागे ऐक.”

तुम्हीही ऐका. तान संपायच्या आत पेटी तिच्या शेवटच्या वळणाशी पोचलेली आहे. गायक श्वास घेतो तेवढ्या फटीत ती तीच ओळ पुरी करून देते, एकही सूर जास्तीचा नाही. आणि गायक पुन्हा तोंड उघडतो तेव्हा पेटी इतकी खाली गेलेली असते की ती आहे याचा पत्ताही लागू नये. पुढची तान अधिक धाडसाची येते, कारण मागून कोणीतरी जमीन धरून ठेवली आहे.

“हा हात गोविंदराव पटवर्धनांचा,” काका म्हणतात.

पोरगा कॅसेटचं कव्हर उचलतो. लेबलावर गायकाचं नाव, रागाचं नाव, तारीख. पेटी कोणाची, तबला कोणाचा, काही नाही.

तुम्हाला इथे गप्प राहणं जड जातंय, ते मला कळतं. गोविंदरावांना अजून नऊच वर्षं आहेत. ज्यांच्या गाण्यावर हे ठाणं जीव टाकतं ते रामभाऊ मराठे दोन वर्षांनी, ऑक्टोबरमध्ये जातील. बोरकरांना पद्मश्री मिळेल ती २०१६ साली. पोरग्याचा झाकीर २०२४च्या डिसेंबरात जाईल, त्याच वर्षी फेब्रुवारीत तीन ग्रॅमी घेऊन. सांगायला तोंड उघडाल तर आवाज फुटणार नाही. काळाच्या या बाजूला तुम्हाला फक्त ऐकता येतं. तोवर आबा पखवाजाला कणीक लावून घेतात, काका काळी चार धरतात, आणि गजर सुरू होतो.

माझा निकाल मी लपवत नाही. व्हायोलिनमध्ये मी मास्तरांच्या बाजूचा, गजाननबुवा. तबल्यात थिरकवाँ आणि झाकीर यांच्यात निवड करायची माझी तयारी नाही. पेटीत गोविंदराव पटवर्धन, आणि यावर मी कोणाशीही भांडेन. मागे बसणाऱ्याला मोजत नाही ती यादी मला मान्य नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या किती घरांत अशा कॅसेटी माळ्यावर पडून असतील! मैफली घरात व्हायच्या, टेप लावायला कोणीतरी पुढे बसायचं. त्या फितीला आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, आणि मग आतलं कायमचं जातं. तुमच्या घरी असतील तर पुढच्या पावसाळ्याआधी काढा. बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या. संगणकावर उतरवून ठेवा. आणि त्या मैफलीला हजर असलेलं घरातलं वडीलधारं माणूस अजून असेल तर त्याच्यासमोर ती वाजवा, पेटीवर कोण होतं, तबल्यावर कोण होतं ते विचारा, आणि ती नावं लेबलावर गायकाच्या नावाखाली लिहा.