रक्तातील पाठभेद

महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली सुरू झाले व १९६६ साली पूर्ण झाले. नाना प्रांतींच्या पोथ्या ताडून पाहावयाच्या, पाठभेद टिपावयाचे, कोणती पोथी कोणत्या शाखेतली हे ठरवावयाचे आणि जुन्यात जुना पाठ सिद्ध करावयाचा, ही ती पद्धती. हीच पद्धती रक्ताला लागू पडेल असे कोणी म्हटले असते, तर आम्हां भाषा शिकविणाऱ्यांस ती थट्टा वाटली असती. परंतु तसे घडले आहे खरे.

रक्ताला तांबडा रंग देणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन अमिनो आम्लांच्या चार साखळ्यांचे असते. प्रत्येक साखळीतील खोबणीत प्राणवायू धरला जातो. एका खोबणीत तो बसला की उरलेल्या खोबण्या त्याला अधिक सहज धरतात. केंब्रिजच्या मॅक्स पेरुत्झ यांनी १९३७ मध्ये या रेणूचा पिच्छा धरला. त्याची घडण दिसावयास १९५९ साल उजाडले. एका रेणूसाठी बावीस वर्षे! आमच्या विद्यार्थ्यांना निकालासाठी दोन महिने धीर निघत नाही.

मानवाची आल्फा साखळी १४१ आम्लांची. घोड्याच्या साखळीत तिच्याहून १८ ठिकाणी पाठभेद आहेत, गोरिलाच्या साखळीत अवघा एक. अशा भेदांवरून लुप्त पूर्वजांचे प्रथिन अनुमानाने उभारता येईल, इतकेच नव्हे तर पुढे घडविताही येईल, असे लायनस पाउलिंग व एमिल झुकरकांडल यांनी १९६३ साली मांडले.

२०२० साली शिकागो विद्यापीठाचे जोसेफ थॉर्नटन व त्यांचे सहकारी यांनी हिमोग्लोबिनचा चाळीस कोटी वर्षांहून जुना पूर्वज असाच घडवून दाखविला. त्याच्या साखळ्या चौघी नव्हे, दोघी-दोघीच एकत्र राहत. पुढील काळात झालेल्या बदलांपैकी केवळ दोन त्यात घालताच चौकड्या जुळल्या, प्राणवायूवरील पकड सैल झाली, आणि खोबण्यांचे परस्परसाहाय्यही काहीसे दिसू लागले. नवी आम्ले समोरच्या साखळीच्या ज्या भागाला बिलगली, तो भाग मात्र आधीपासूनच तेथे होता. इतकी गुंतागुंतीची रचना असंख्य लहान सुधारणांनीच साधली असणार, असे आम्ही वर्गात सांगत आलो. ते विधान आम्हांस दुरुस्त करावे लागले.

असाच एक पाठभेद घातकही ठरला. सिकल सेल रोगात बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते, हे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५७ साली केंब्रिजलाच दाखविले. प्राणवायू सोडलेल्या रेणूवरचे हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरील खळग्यात नेमके बसते. खळगा जुनाच, त्यात अडकणारा आकडा तेवढा नवा. मग रेणूंच्या दोऱ्या वळल्या जातात व तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हा वारसा एकाच पालकाकडून आला तर हिवतापापासून काही संरक्षण मिळते. दोघांकडून आला तर जन्माचे दुखणे. नंदुरबार व गडचिरोलीच्या आदिवासी वस्त्यांतील मुलांच्या रक्तात हा पाठ अद्याप उतरत आहे.