कॅनडाचे एकीकरण आणि शाळांचा प्रश्न

वेगवेगळ्या वसाहतींचे एक राष्ट्र कसे बनते, हे कॅनडाच्या इतिहासात चांगले दिसते. सप्टेंबर १८६४ मध्ये ब्रिटिश वसाहतींचे पुढारी शार्लटटाउन येथे जमले. पुढच्याच महिन्यात क्वेबेक येथे त्यांनी ७२ ठराव केले.

फ्रेंच भाषिक कॅथलिकांना भीती होती, की या एकीत आपला धर्म व भाषा बुडेल. कार्तिए यांच्या आग्रहामुळे क्वेबेक हा वेगळा प्रांत ठरला आणि शिक्षण प्रांतांकडे राहिले. मग तेथील अल्पसंख्य प्रॉटेस्टंटांचे काय? त्यांची बाजू गाल्ट यांनी मांडली. अखेर कलम ९३ ने दोन्हीकडील अल्पसंख्याकांच्या शाळांना संरक्षण दिले आणि १ जुलै १८६७ रोजी चार प्रांतांचा कॅनडा अस्तित्वात आला.

परंतु कलम लिहिले म्हणजे काम संपत नाही. १८९० मध्ये मॅनिटोबाने कॅथलिक शाळांची सरकारी मदत बंद केली आणि तंटा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला.

आपल्या राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. विद्यार्थी मित्रांनो, हक्क घटना देते. त्याचे चीज मात्र चांगली शाळा, जागरूक पालक आणि अभ्यासू मुलेच करतात.