पैसा फंडाची काचशाळा

ज्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत, त्या काळी एका पैशाची मातब्बरी ती काय? परंतु अंताजी दामोदर काळे यांनी याच पैशाला राष्ट्रकार्याचे भांडवल मानले. प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा व त्या निधीतून स्वदेशी धंद्यांस चालना मिळावी, अशी त्यांची योजना होती. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले.

या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपान व अमेरिका येथे शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांजकडे त्याची सूत्रे आली. केवळ माल काढणे एवढाच त्याचा हेतू नव्हता. तरुणांची ती शाळाच होती. वाळू आणि सोडा यांचे प्रमाण पुस्तकात सापडते. परंतु भट्टीतील तप्त रस नळीवर किती घ्यावा, फुंकर केव्हा आवरावी, हे हातालाच शिकावे लागते. तयार वस्तू घाईने थंड झाली, तर तडकते. पदवीधरांची उणीव नसलेल्या समाजात असे शिकलेले हात मात्र दुर्मिळ होते.

तळेगावी ही विद्या घेतलेले श्रीपाद प्रभाकर ओगले यांनी बंधूंच्या साहाय्याने १९१६ साली कऱ्हाडनजीक स्वतःचा कारखाना काढला. तेथील ‘प्रभाकर’ कंदील पुढे घरोघरी पोचला. ज्या घरांनी फंडास पैसा दिला होता, त्यांपैकी कित्येकांच्या ओसरीवर तोच पैसा उजेड होऊन परत आला असेल.