‘तुमच्या गाडीने माझी पार्क केलेली कार ठोकली’ असा मेसेज आला तर?

मॉलमधून येऊन दोन दिवस झालेले असतात आणि अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर फोटो येतो. कारच्या दारावर मोठा पोचा, खाली मजकूर: ‘पार्किंगमध्ये तुमच्या गाडीने ठोकलं. बारा हजार पाठवा, नाहीतर पोलिसांत जातो.’ तुम्हाला तर धक्का लागल्याचं आठवतही नाही.

अशा वेळी ‘सॉरी, देऊन टाकतो’ असं लिहू नका. भारतातल्या मोटार विमा पॉलिसीच्या अटींमध्ये छापलेलं असतं की, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही आणि पैसे देण्याचं आश्वासनही द्यायचं नाही. भलेपणाने पाठवलेला मेसेज उद्या कंपनीला हात वर करायला पुरतो.

पण ‘मी तिथे नव्हतोच’ असं घाईने ठोकून देणंही तितकंच धोक्याचं. सीसीटीव्हीत गाडी दिसली तर तुमच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. एवढंच लिहा: ‘असं घडल्याचं मला माहीत नाही. तारीख, वेळ, जागा, तुमचा गाडी नंबर आणि फोटो पाठवा, मी तपासतो.’

मग गाडी धुण्याआधी टेप घेऊन खाली जा. इथेच बहुतेक खोटे दावे उघडे पडतात. पोचा जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि तुमच्या गाडीचा कोणता भाग त्या उंचीवर येतो? त्यांच्या दाराला तुमच्या बंपरचा रंग लागलाय का, तुमच्याकडे त्यांचा आलाय का? पत्र्यावर गंज दिसत असेल तर घाव जुना असू शकतो. चारही बाजूंचे फोटो काढा, टेपसकट. स्वतःच्या बंपरवर जुळणारा ओरखडा सापडला, तर तोही ठेवा. समोरचा दरवेळी लबाडच असतो असं नाही. वॉचमनने चुकीचा नंबर सांगितला, असंही होतं.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून मॉलला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याच दिवशी लेखी विनंती करा. पार्किंगची पावती आणि फास्टॅगची नोंद यांवरून गाडी कुठल्या वेळी कुठे होती ते दाखवता येतं.

धक्का खरंच लागलेला निघाला, तरी बारा हजार खिशातून द्यावे लागतीलच असं नाही. रस्त्यावरच्या गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे ७.५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार अशा अपघाताची माहिती विमा कंपनीला लेखी द्यावी लागते. त्यामुळे ‘दावा माझ्या विमा कंपनीकडे पाठवा’ हे उत्तर रास्तच आहे. खरं नुकसान झालेला माणूस कुरकुरत का होईना, तयार होतो. ‘विमा नको, आत्ताच जीपे करा’ म्हणणाऱ्याबद्दल मात्र शंका घ्यावी.

पोलिसांत जाण्याची धमकी आली तर ‘जरूर जा, मीही येतो’ म्हणा. धाक दाखवून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा आहे, त्यामुळे सगळे मेसेज जपून ठेवा. समोरचा दारात येऊन दमदाटी करू लागला तर ११२ वर फोन करा.

‘अपघाताचा व्हिडिओ’ म्हणून एपीके फाइल आली तर उघडू नका. व्हिडिओ बघायला ॲप इन्स्टॉल करावं लागत नाही. आधार, आरसी किंवा लायसन्सचे फोटोही व्हॉट्सॲपवर पाठवू नका.